जावा सर्व्हलेट आणि न सापडणारा क्लास

वेबच्या आरंभीच्या वर्षांत ब्राउझरकडून आलेली विनंती एखाद्या आज्ञावलीकडे सोपवण्याचा सर्वमान्य मार्ग म्हणजे ‘कॉमन गेटवे इंटरफेस’, अर्थात सीजीआय. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संगणन केंद्रात १९९३ मध्ये आकाराला आलेल्या या पद्धतीत सर्व्हर प्रत्येक विनंतीसाठी एक नवी प्रक्रिया सुरू करी, ती प्रक्रिया बहुधा पर्ल किंवा सी भाषेत लिहिलेली आज्ञावली चालवी, उत्तर छापी आणि संपून जाई. पाचशे विनंत्या आल्या तर पाचशे प्रक्रिया, असा हा सरळ पण महागडा हिशेब होता. त्यात एक सोय मात्र होती, जिचे मोल ती गेल्यावरच कळले: प्रक्रिया संपली की तिने अडवलेली मेमरी, उघड्या राहिलेल्या फाइली आणि घातलेले गोंधळ हे सगळे तिच्याबरोबर संपत, आणि दुरुस्त केलेली आज्ञावली जुन्या फाइलीच्या जागी ठेवली की पुढच्या विनंतीपासून नवीच चालू होई.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने मे १९९५ मध्ये जावा ही भाषा जाहीर केली, तेव्हा तिची ख्याती ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ‘अ‍ॅपलेट’ या छोट्या आज्ञावलींमुळे झाली. सर्व्हरच्या बाजूलाही तसेच काही असावे ही कल्पना जावाचे जनक जेम्स गॉसलिंग यांनी आरंभीच मांडली होती, आणि ‘सर्व्हलेट’ हे त्या कल्पनेचे नाव मे १९९६ मध्ये भरलेल्या पहिल्या जावावन परिषदेत लोकांसमोर आले. ‘जीव्ह्ज’ या टोपणनावाने विकसित झालेला ‘जावा वेब सर्व्हर’ हे तिचे पहिले प्रत्यक्ष रूप होते. सनमध्ये काम करणाऱ्या पावनी दिवाणजी यांना सर्व्हलेटच्या निर्मितीचे श्रेय दिले जाते, आणि त्याचे पहिले विनिर्देशपत्र जून १९९७ मध्ये पक्के झाले. विनिर्देशपत्र म्हणजे सर्व्हर बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने काय पुरवावे आणि आज्ञावली लिहिणाऱ्याने काय गृहीत धरावे याचा लेखी करार.

सीजीआयच्या तुलनेत सर्व्हलेटचा पालट एका गोष्टीत होता. सर्व्हलेट हा जावाचा एक क्लास, म्हणजे वस्तू कशी असेल आणि कशी वागेल याचे लेखी वर्णन. सर्व्हर त्या क्लासपासून एकच वस्तू घडवतो, आरंभी तिची ‘इनिट’ ही पद्धत एकदा चालवतो, मग येईल ती प्रत्येक विनंती त्याच वस्तूच्या ‘सर्व्हिस’ या पद्धतीकडे स्वतंत्र थ्रेडमधून, म्हणजे त्याच प्रक्रियेत समांतर चालणाऱ्या धाग्यातून, पाठवतो, आणि सर्व्हर बंद होताना ‘डिस्ट्रॉय’ म्हणून तिला निरोप देतो. विनंती संपली तरी वस्तू जिवंत राहते. वेग याच दीर्घायुष्यातून आला, आणि पुढच्या दोन दशकांतील दोषांची मोठी परंपराही यातूनच जन्मली. कारण जिवंत राहिलेल्या वस्तूला आपला क्लास कुठून आला, कोणत्या आवृत्तीचा आला आणि तोच क्लास दुसऱ्या कुणाकडे आहे का, हे प्रश्न सतत पडू लागले. जावामध्ये वस्तूतील माहिती आणि त्या वस्तूचे वर्णन ही दोन वेगवेगळ्या जागी असतात, आणि त्यांची गाठ आज्ञावली चालू असतानाच पडते. ही गाठ पडली नाही, चुकीची पडली किंवा नको तिथे पडली, अशा तीन प्रकारांत सर्व्हलेटच्या जगातील बहुतेक नामांकित अडचणी बसतात.

पहिल्या काळातील अडचणी पहिल्या प्रकारच्या होत्या. विनिर्देशपत्राने सर्व्हलेट कसा लिहावा ते सांगितले होते, पण तो सर्व्हरवर कुठे ठेवावा याबद्दल मौन पाळले होते. जावा वेब सर्व्हरमध्ये त्यासाठी ‘सर्व्हलेट्स’ नावाचे एक फोल्डर होते. अपाची सर्व्हरला जोडल्या जाणाऱ्या जेसर्व्हमध्ये ‘झोन’ नावाची व्यवस्था आणि तिच्या स्वतंत्र प्रॉपर्टीज फाइली होत्या. जेरन, सर्व्हलेटएक्झेक अशा विकत मिळणाऱ्या इंजिनांच्या तऱ्हा आणखी निराळ्या होत्या. एका सर्व्हरवर नीट चाललेले काम दुसऱ्यावर नेले की बहुधा पहिलीच ओळ ‘क्लास नॉट फाउंड’ अशी येई. याचे कारण बहुतेक वेळा ‘क्लासपाथ’मध्ये, म्हणजे जावाने क्लास कोणकोणत्या फोल्डरांत आणि जार फाइलींत (क्लासांच्या गाठोड्यांत) शोधावेत याच्या यादीत असे. याच्याच शेजारी ‘नो क्लास डेफ फाउंड’ नावाची दुसरी तक्रार वावरत असे, आणि नवशिके या दोहोंत सर्रास गल्लत करीत. पहिलीचा अर्थ नावाने मागितलेला क्लास मिळाला नाही एवढाच आहे. दुसरी मात्र आज्ञावली जोडली गेली तेव्हा हजर असलेला क्लास चालवताना गायब झाल्यावर येते, आणि क्लास जागेवर असूनही त्याची आरंभीची तयारी आधी एकदा फसली असेल तरीही येते. या दुसऱ्या शक्यतेमुळे समोर दिसणारी फाइल ‘सापडत नाही’ असे सांगणारा लॉग वाचत कित्येकांच्या रात्री गेल्या असतील. खरी चूक त्याच लॉगमध्ये पुष्कळ वर, पहिल्याच वेळी, नोंदलेली असते.

त्या काळातील बहुतेक सर्व्हरांनी एक सोय दिली होती, जिला ‘इनव्होकर’ म्हणत: पत्त्यात ‘/सर्व्हलेट/’ लिहून त्यापुढे क्लासचे नाव टाकले की कोणतीही नोंद न करता तो क्लास चालू होई. पाठ्यपुस्तके, वर्ग आणि नमुन्यादाखलची उदाहरणे या सोयीवर पोसली गेली. पुढे २००२ मध्ये टॉमकॅट या सर्व्हरात याच वाटेने पानांचा मूळ मजकूर बाहेर पडू शकतो असे उघड झाले आणि ती सोय मुळातच बंद ठेवण्यात येऊ लागली. टॉमकॅटच्या सातव्या आवृत्तीत ती काढूनच टाकली गेली. जुन्या पुस्तकावरून शिकणाऱ्याला मग सगळे नियमाप्रमाणे करूनही ‘४०४’, म्हणजे पान सापडले नाही, एवढेच उत्तर मिळू लागले. अशीच एक तक्रार ‘४०५’ या क्रमांकाची: एचटीटीपी सर्व्हलेटच्या मूळ क्लासात ‘डू-गेट’ आणि ‘डू-पोस्ट’ या पद्धती तयार असतात, पण त्यांचे काम विनंती नाकारणे एवढेच असते, त्यामुळे लिहिणाऱ्याने पद्धतीच्या नावात एखादे अक्षर लहान-मोठे केले किंवा तिच्यापुढील घटकांचा प्रकार चुकवला, तर कंपायलर काही बोलत नाही आणि चालवताना मात्र ‘ही पद्धत या पत्त्यावर चालत नाही’ असे उत्तर येते.

एकच वस्तू अनेक थ्रेड वापरतात, या नियमाचा फटका निराळा होता. वापरकर्त्याचे नाव सर्व्हलेटच्या स्वतःच्या चलात ठेवले तर एकाच क्षणी आलेल्या दोन विनंत्यांमध्ये एकाचे नाव दुसऱ्याच्या पानावर उमटू शके, आणि एकट्याने तपासणी करणाऱ्या लेखकाला हा दोष कधीच दिसत नसे. यावर तोडगा म्हणून दुसऱ्या आवृत्तीत ‘सिंगल थ्रेड मॉडेल’ नावाची खूण आली, जिने एका वेळी एकच विनंती वस्तूपर्यंत पोहोचेल अशी हमी दिली. सेशनमधील (म्हणजे एकाच वापरकर्त्याच्या लागोपाठच्या विनंत्यांसाठी जपलेली) आणि सामाईक चलांतील माहिती मात्र तिच्या कक्षेबाहेरच राहिली. अर्धवट औषधाने रोग्याला बरे वाटू लागावे तसा हा प्रकार होता, आणि २००३ च्या २.४ आवृत्तीत ती खूण वापरू नये असे अधिकृतपणे सांगण्यात आले.

कुठे ठेवावे या प्रश्नाचे उत्तर ऑगस्ट १९९९ च्या २.२ आवृत्तीने दिले, आणि सर्व्हलेटच्या इतिहासातील सर्वांत दूरगामी निर्णय बहुधा हाच ठरावा. या आवृत्तीने ‘वेब अ‍ॅप्लिकेशन’ ही संकल्पना आणली: सर्व पाने, क्लास आणि जार फाइली एका ठरावीक मांडणीच्या फोल्डरात राहतील, त्यात ‘वेब-इन्फ’ नावाचा एक उपविभाग असेल जो ब्राउझरला कधीही दाखवला जाणार नाही, त्याच्या आत ‘क्लासेस’ आणि ‘लिब’ ही दोन फोल्डरे असतील, आणि कोणता पत्ता कोणत्या सर्व्हलेटकडे जाईल याची नोंद ‘वेब डॉट एक्सएमएल’ या फाइलीत होईल. हे सगळे गाठोडे ‘वॉर’ नावाच्या एकाच फाइलीत बांधता येई. ते दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर नेऊन ठेवण्याच्या क्रियेला ‘डिप्लॉयमेंट’ हे नाव रुळले आणि मराठी बोलणाऱ्या संगणक-व्यावसायिकांनीही ‘डिप्लॉय केले’ असेच म्हणायला सुरुवात केली.

त्याच वर्षी सनने आपल्या नमुना-सर्व्हरची आज्ञावली अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सोपवली. ती लिहिणारे जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी तिला ‘टॉमकॅट’, म्हणजे बोका, हे नाव दिले होते. ओरायली या प्रकाशनाच्या संगणकविषयक पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर प्राण्यांची चित्रे असतात आणि आपल्या आज्ञावलीवरही कधी असे पुस्तक निघेल, म्हणून आपले आपण निभावून नेणारा प्राणी त्यांनी निवडला. २००३ मध्ये पुस्तक निघाले तेव्हा त्यावर हिमबिबट्या होता. टॉमकॅट फुकट आणि मोकळा असल्यामुळे जगभरच्या शिकणाऱ्यांचा पहिला सर्व्हर तोच ठरला, आणि सर्व्हलेटचे दोषशोधन म्हणजे व्यवहारात बहुधा टॉमकॅटच्या ‘लॉग्ज’ फोल्डरातील फाइली वाचणे असा अर्थ झाला.

ठरीव मांडणीने जुने दोष कमी केले आणि नवे आणले. ‘वेब-इन्फ’ हे नाव मोठ्या अक्षरांतच हवे, हा नियम विंडोजवर काम करणाऱ्याला जाणवत नसे, पण तेच फोल्डर सोलॅरिस किंवा लिनक्सवर गेले की लहान अक्षरांतील नाव सर्व्हरला ओळखूच येत नसे. ‘वेब डॉट एक्सएमएल’मध्ये नोंदींचा क्रमही ठरलेला होता, म्हणजे सर्व्हलेटांच्या सगळ्या नोंदी आधी आणि पत्त्यांशी त्यांची जोडणी नंतर; त्यामुळे एखादा सर्व्हलेट नंतर आठवला आणि शेवटी लिहिला तर संपूर्ण अ‍ॅप्लिकेशन चालू होण्यास नकार देई. २.४ आवृत्तीने हा क्रमाचा आग्रह सोडला. क्लासला पॅकेज, म्हणजे नावांचे कुळ, न देण्याची नवशिक्यांची सवयही याच काळात नडली, कारण जावाच्या १.४ आवृत्तीपासून कंपायलर बिनपॅकेजचे क्लास आयात करू देईनासा झाला, आणि टॉमकॅटने जेएसपी पानांपासून (म्हणजे एचटीएमएलमध्ये जावा मिसळलेल्या पानांपासून) बनवलेले सर्व्हलेट स्वतः एका पॅकेजात राहू लागल्यामुळे अशा पानांना तसले क्लास दिसेनासे झाले.

सर्वांत सूक्ष्म अडचण क्लासलोडरची होती. क्लासलोडर म्हणजे जावातील तो घटक, जो नावावरून क्लासच्या बाइट्स शोधून मेमरीत आणतो. जावाचा मूळ दंडक असा की प्रत्येक लोडरने आधी आपल्या वडील लोडरला विचारावे आणि त्याने नाही म्हटल्यावरच स्वतः शोधावे. एका सर्व्हरवर अनेक अ‍ॅप्लिकेशने नांदणार आणि प्रत्येकाला आपापल्या आवृत्तीच्या जार फाइली हव्या असणार, हे लक्षात घेऊन २००१ च्या २.३ आवृत्तीने हा दंडक उलटा करण्याची शिफारस केली: अ‍ॅप्लिकेशनच्या लोडरने आधी स्वतःच्या ‘वेब-इन्फ’मध्ये पाहावे. मात्र सर्व्हलेटचे स्वतःचे मूळ क्लास याला अपवाद होते, ते सर्व्हरचेच असले पाहिजेत. म्हणून कुणी उत्साहाने ‘सर्व्हलेट डॉट जार’ आपल्या ‘लिब’मध्ये टाकली तर टॉमकॅट ती उचलत नसे आणि लॉगमध्ये विनिर्देशपत्राच्या ९.७.२ या कलमाचा हवाला देऊन अमुक क्लास आक्षेपार्ह आहे असे नोंदवी. चूक सांगणाऱ्या नोंदीत थेट नियमाचे कलम छापलेले असावे, हा सरकारी पत्रव्यवहाराची आठवण करून देणारा प्रकार संगणकाच्या जगात क्वचितच पाहायला मिळतो.

जावामध्ये क्लासची ओळख त्याच्या नावाने पूर्ण होत नाही, नाव आणि लोडर मिळून ती पूर्ण होते. एकच क्लास दोन लोडरांनी आणला तर ते दोन वेगळे क्लास होत, आणि ‘क्लास कास्ट’ नावाची तक्रार अमुक क्लासचे अमुक क्लासमध्ये रूपांतर होत नाही असे सांगताना दोन्ही ठिकाणी तेच नाव छापी. जेसर्व्हच्या काळापासून ही तक्रार प्रसिद्ध होती: बदललेला सर्व्हलेट सर्व्हरने नव्या लोडरातून पुन्हा उचलला, पण सेशनमध्ये जुन्या लोडरातील क्लासची वस्तू तशीच पडून होती.

येथे सेशन आणि सिरियलायझेशन यांचा संबंध येतो. एचटीटीपी ही पद्धत प्रत्येक विनंती स्वतंत्र मानते, त्यामुळे एकाच माणसाच्या लागोपाठच्या विनंत्या ओळखण्यासाठी सर्व्हर ब्राउझरला ‘जेसेशनआयडी’ नावाची कुकी देतो आणि त्या माणसाची माहिती स्वतःजवळ ‘सेशन’ नावाच्या वस्तूत ठेवतो. ही वस्तू सर्व्हर बंद पडला तरी टिकावी किंवा एका यंत्रावरून दुसऱ्यावर जावी असे वाटले, तर तिचे बाइट्सच्या सलग ओळीत रूपांतर करावे लागते. या क्रियेला सिरियलायझेशन आणि उलट क्रियेला डिसिरियलायझेशन म्हणतात. रॉजर रिग्ज, जिम वाल्डो, अ‍ॅन वोलरॅथ आणि कृष्णा भरत यांनी १९९६ मध्ये एका शोधनिबंधात या यंत्रणेची मांडणी केली, आणि फेब्रुवारी १९९७ च्या जेडीके १.१ मध्ये ती भाषेसोबत आली. दूरच्या यंत्रावरील वस्तूची पद्धत बोलावणाऱ्या ‘आरएमआय’ या सोयीसाठी तिची गरज होती.

यंत्रणा दिसायला विलक्षण सोपी होती. क्लासने ‘सिरियलायझेबल’ असल्याचे जाहीर करायचे, आणि ही घोषणा म्हणजे एकही पद्धत नसलेला रिकामा करार. बाकी सर्व काम जावा स्वतः करी, म्हणजे वस्तूचे खासगी घटकही वाचून काढी, तिला जोडलेल्या वस्तू, त्यांना जोडलेल्या वस्तू असे सारे जाळे ओळीत उतरवी, आणि उलट प्रवासात क्लासचा नेहमीचा रचनाकार, म्हणजे नवी वस्तू घडताना चालणारा भाग, न चालवताच वस्तू पुन्हा उभी करी. ज्या घटकाला मागे ठेवायचे त्यावर ‘ट्रान्झियंट’ हा शब्द लिहायचा. ओळीच्या आरंभी चार ठरलेल्या बाइट्स असतात, ज्या षोडशमान पद्धतीत एसी, ईडी, ००, ०५ अशा वाचल्या जातात. पहिल्या दोन ओळखीच्या आणि पुढच्या दोन आवृत्तीच्या.

वस्तूबरोबर तिची माहिती जाई, तिचा क्लास जात नसे. दुसऱ्या टोकाला तो असलाच पाहिजे आणि तोच असला पाहिजे. ‘तोच’ म्हणजे काय हे ठरवण्यासाठी ६४ बिटांचा एक क्रमांक योजलेला होता, जो लेखकाने स्वतः दिला नाही तर क्लासचे नाव, त्याचे घटक, पद्धती इत्यादींवरून शा-१ या गणिताने काढला जाई. एखादी निरुपद्रवी पद्धत वाढवली तरी क्रमांक बदले, आणि दोन वेगवेगळ्या कंपायलरांनी एकाच मजकुरापासून वेगवेगळे क्रमांक काढावेत असेही घडे, कारण कंपायलर स्वतःच्या सोयीसाठी क्लासमध्ये घालत असलेले छुपे घटकही हिशेबात धरले जात. मग ‘इनव्हॅलिड क्लास’ ही तक्रार येई आणि तिच्यात ओळीतील क्रमांक आणि स्थानिक क्रमांक असे दोन लांबलचक अंक शेजारीशेजारी छापलेले असत. सर्व सर्व्हलेटांचा पूर्वज असलेला ‘जेनेरिक सर्व्हलेट’ हा क्लासही सिरियलायझेबल आहे. सर्व्हलेट बाइट्समध्ये घालून कुठे पाठवण्याची वेळ व्यवहारात जवळजवळ कधीच येत नाही, तरीही त्यामुळे आजही प्रत्येक नव्या सर्व्हलेटपुढे संपादक-आज्ञावली क्रमांक लिहिला नसल्याची पिवळी सूचना लावते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅपलेट आणि सर्व्हलेट यांच्यात वस्तूंची थेट देवाणघेवाण करण्याची पद्धत लोकप्रिय झाली. कंपन्यांच्या फायरवॉलमधून आरएमआय सहसा जात नसे, एचटीटीपी जाई. म्हणून अ‍ॅपलेट वस्तू सिरियलाइझ करून ‘पोस्ट’ विनंतीत घाली आणि सर्व्हलेट ती उलगडून उत्तरादाखल दुसरी वस्तू पाठवी. या पद्धतीतील एक दोष इतका बोधप्रद आहे की तो जवळून पाहण्यासारखा आहे. अ‍ॅपलेटला ‘स्ट्रीम करप्टेड’, म्हणजे ओळ बिघडली, अशी तक्रार मिळे, आणि जावाच्या पुढील आवृत्त्यांत तिच्यासोबत चुकीचे निघालेले शीर्षकही छापले जाऊ लागले: ३सी, ६८, ७४, ६डी. रोमन अक्षरांच्या कोष्टकात या चार बाइट्स वाचल्या तर पहिली कोनी कंस आणि पुढच्या तीन एच, टी, एम ही अक्षरे निघतात. म्हणजे ओळ बिघडलेली नव्हतीच. सर्व्हलेट स्वतः कोसळला होता, सर्व्हरने त्याबद्दल माणसाने वाचायचे एचटीएमएल पान पाठवले होते, आणि अ‍ॅपलेट त्या पानात वस्तू शोधत होता. दोष सांगणारा निरोपच दोष म्हणून समोर येई, आणि ज्याला हे ठाऊक असे तो अ‍ॅपलेटकडे न पाहता थेट सर्व्हरचा लॉग उघडी. दुसरा एक सापळा मुग्ध होता: वस्तू वाचणारी ओळ उघडताच जावा समोरून त्या चार बाइट्स येण्याची वाट पाहत थांबते, त्यामुळे कायम उघड्या जोडणीवर दोन्ही बाजूंनी वाचणारी ओळ आधी उघडली तर कोणतीही तक्रार न करता दोघेही अनंतकाळ वाट पाहत राहत.

सर्व्हरच्या पोटातही हीच यंत्रणा चाले. टॉमकॅट नीट बंद केला की तो चालू सेशने ‘सेशन्स डॉट एसइआर’ या फाइलीत उतरवून ठेवी आणि पुन्हा सुरू होताना वाचून घेई, ज्यामुळे विकसकाने सर्व्हर रीस्टार्ट केला तरी लॉगिन टिकून राही. सेशनमध्ये डेटाबेसची जोडणी किंवा तसलीच सिरियलायझेबल नसलेली वस्तू ठेवलेली असेल तर ‘नॉट सिरियलायझेबल’ ही तक्रार लॉगमध्ये उमटे. आणि ती कित्येकदा लिहिताना नव्हे, तर पुढच्या वेळी वाचताना लक्षात येई, कारण फाइलीत मध्येच तुटलेल्या लेखनाची खूण राहून जाई. अनुभवी मंडळींचा उपाय साधा होता: ती फाइल पुसून टाकायची. दोन-चार यंत्रांवर एकच अ‍ॅप्लिकेशन चालवायचे असेल तेव्हा हा उपाय पुरत नसे, कारण तिथे ‘वेब डॉट एक्सएमएल’मध्ये ‘डिस्ट्रिब्युटेबल’ अशी नोंद करून प्रत्येक सेशन-वस्तू प्रवासास योग्य असल्याचे वचनच दिलेले असे.

मराठीसह भारतीय भाषांत काम करणाऱ्यांना याच काळात आणखी एक अडचण सोसावी लागली, जिचा क्लासांशी संबंध नव्हता. जावातील अक्षरे आरंभापासून युनिकोडवर आधारलेली होती, त्यामुळे भाषेला देवनागरी परकी नव्हती; सर्व्हलेटने मात्र विनंती आणि उत्तर या दोहोंसाठी न सांगितल्यास पश्चिम युरोपीय अक्षरांची आयएसओ-८८५९-१ ही सांकेतिक पद्धत गृहीत धरली होती. युटीएफ-८ मध्ये ‘म’ हे अक्षर तीन बाइट्सचे असते, आणि त्या तिन्ही सुट्या वाचल्या गेल्या की ‘म’च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, चलनाचे एक सर्वसाधारण चिन्ह आणि नोंदणीकृत व्यापारचिन्हाचे वर्तुळ अशी तीन चिन्हे उमटत. उलट दिशेने, योग्य वाचलेला मराठी मजकूर तसाच बाहेर पाठवला तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येई, आणि ते डेटाबेसपर्यंत पोहोचले तर मूळ मजकूर कायमचा गेला असे समजायचे. २.३ आवृत्तीने विनंतीची सांकेतिक पद्धत सांगण्याची सोय दिली, पण तिचा उपयोग विनंतीतील पहिले मूल्य वाचण्यापूर्वीच केला तर होई. आणि पत्त्यातून येणाऱ्या मजकुराला ती लागूच नसे, त्यासाठी टॉमकॅटच्या मुख्य फाइलीत वेगळी नोंद करावी लागे. आठव्या आवृत्तीत टॉमकॅटने पत्त्यांसाठी युटीएफ-८ हेच गृहीत धरले, तोवर देवनागरी नावाने शोध घेणाऱ्या कित्येक पानांनी ‘काही सापडले नाही’ असेच उत्तर दिले होते.

डिप्लॉयमेंटच्या वाढत्या वेगाने क्लासलोडरचा प्रश्न दुसऱ्या अंगाने पुन्हा वर आणला. सर्व्हर न थांबवता अ‍ॅप्लिकेशन बदलायचे तर जुना लोडर त्याच्या सर्व क्लासांसह टाकून द्यावा लागतो. पण सर्व्हरच्या मालकीच्या एखाद्या थ्रेडने, डेटाबेसच्या ड्रायव्हरने किंवा लॉग लिहिणाऱ्या जारने जुन्या अ‍ॅप्लिकेशनमधील एक जरी वस्तू धरून ठेवली, तर ती वस्तू आपला क्लास, तो क्लास आपला लोडर आणि तो लोडर आपले हजारो क्लास धरून ठेवतो. चार-पाच वेळा डिप्लॉय केल्यावर ‘पर्मजेन स्पेस’ संपल्याची तक्रार येऊन सर्व्हर आडवा होई. टॉमकॅटने २०१० मध्ये अशी गळती शोधून लॉगमध्ये नाव घेऊन सांगण्याची सोय आणली, आणि मार्च २०१४ च्या जावा ८ ने पर्मजेन हा मेमरीचा विभागच रद्द केला. गळती त्यामुळे थांबली नाही, तिला मोठी जागा मिळाली. त्याच वर्षी स्थिर झालेल्या स्प्रिंग बूट या जावा-चौकटीने टॉमकॅटच अ‍ॅप्लिकेशनच्या जारमध्ये बांधून टाकला, आणि प्रत्येक बदलाला संपूर्ण प्रक्रिया मारून नवी सुरू करण्याची रीत रूढ होऊ लागली. वीस वर्षे आधी सीजीआयमध्ये महाग वाटलेली गोष्ट निदान डिप्लॉयमेंटपुरती पुन्हा शहाणपणाची ठरली.

२०१५ मध्ये या इतिहासाची दिशा पालटली. तोवरचे दुखणे क्लास सापडत नाही हे होते. आता क्लास सापडतो हेच दुखणे ठरले. जानेवारीत कॅलिफोर्नियातील अ‍ॅपसेक परिषदेत गॅब्रिएल लॉरेन्स आणि क्रिस फ्रोहॉफ यांनी दाखवून दिले की बाहेरून आलेली बाइट्सची ओळ उलगडताना सर्व्हर आपल्या क्लासपाथवर असलेला कोणताही सिरियलायझेबल क्लास उभा करतो, आणि मिळालेली वस्तू अपेक्षित प्रकारची आहे का याची तपासणी ती उभी राहिल्यानंतर करतो. अपाची कॉमन्स कलेक्शन्स या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जारमध्ये असे काही क्लास होते, ज्यांची विशिष्ट साखळी रचली की उलगडण्याच्या क्रियेतच हल्लेखोराची आज्ञा चालून जाई. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस आणि जेनकिन्स यांसारख्या नामांकित सर्व्हरांवर हा प्रयोग जाहीरपणे करून दाखवण्यात आला, तेव्हा त्याची तीव्रता सर्वांना उमगली. एसी, ईडी या दोन बाइट्स आता हल्ल्याची जागा शोधण्याची खूण बनल्या.

उपाय टप्प्याटप्प्याने आले. कलेक्शन्सच्या ३.२.२ आवृत्तीने ते घातक क्लास उलगडण्यास मुळातच मनाई केली. २०१७ च्या जावा ९ मध्ये कोणते क्लास स्वीकारायचे याची गाळणी देण्याची सोय आली आणि ती जुन्या आवृत्त्यांनाही जोडण्यात आली. जावाचे मुख्य आर्किटेक्ट मार्क राइनहोल्ड यांनी २०१८ मध्ये सिरियलायझेशन ही १९९७ मधील एक भयंकर चूक होती असे जाहीरपणे म्हटले. हे मत कठोर असले तरी अन्याय्य म्हणता येत नाही, फक्त त्यात एक गोष्ट जोडावी लागते: रिकाम्या कराराने, खासगी घटकांत शिरून आणि रचनाकाराला वगळून मिळालेल्या याच सोयीमुळे सेशन टिकले, आरएमआय चालले आणि सर्व्हलेटभोवतीची मोठी सर्व्हर-बाजारपेठ उभी राहिली.

ओरॅकलने २०१० मध्ये सन विकत घेतली आणि २०१७ मध्ये सर्व्हलेटसह जावा ईईचा सारा पसारा एक्लिप्स फाउंडेशनकडे देण्याचे ठरवले, पण ‘जावा’ या नावावरील हक्क आपल्याकडेच ठेवला. परिणामी डिसेंबर २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये सर्व्हलेटच्या पॅकेजांचे ‘जावाएक्स’ हे कुळनाव बदलून ‘जकार्ता’ झाले, आणि टॉमकॅटच्या दहाव्या आवृत्तीवर जुनी वॉर फाइल ठेवणाऱ्याला, तिच्यात एका अक्षराचीही चूक नसताना, ‘क्लास नॉट फाउंड’ ही १९९७ पासूनची तक्रार पुन्हा वाचावी लागली. उलगडण्याचे दुखणेही असेच परतले: मार्च २०२५ मध्ये टॉमकॅटमधील सीव्हीई-२०२५-२४८१३ या क्रमांकाचा सुरक्षा-दोष प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारे सर्व्हरवर परकी आज्ञा चालवता येण्यासाठी ब्राउझरकडून फाइल लिहू देण्याची परवानगी चालू केलेली हवी, जी मुळात बंद असते. फाइलीचा केवळ काही भाग पाठवणाऱ्या ‘पुट’ विनंत्या स्वीकारल्या जायला हव्यात, ज्या मुळात स्वीकारल्या जातात. सेशने नेहमीच्या जागी फाइलीत उतरवली जात असायला हवीत. आणि ‘लिब’मध्ये उलगडताच गैरवापर होऊ शकेल असा एखादा क्लास असलेली जार हवी.